गणितानंदी द. रा. कापरेकर

अंकांशी माणसाचा संबंध जन्मभराचा असतो. दुकानदार मालाची मापे घालतो, शिंपी कापड मोजतो, गवंडी विटांचा हिशेब करतो, गृहिणी महिन्याच्या खर्चाची वही लिहिते. या सर्वांच्या दृष्टीने संख्या हे कामाचे साधन असते. हिशेब जुळला की संख्या विसरली जाते. परंतु क्वचित एखादा मनुष्य असा असतो की, त्या संख्येने काय मोजले यापेक्षा ती संख्याच त्याला अधिक बोलकी वाटते. तिचे अंक कसे मांडले आहेत, ते उलटे लिहिले तर काय होते, त्यांची बेरीज संख्येत मिळवली तर काय हाती लागते, असे प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे अशा दुर्मीळ माणसांपैकी एक होत. नाशिकजवळच्या देवळाली या गावी त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही आणि कोणत्याही विद्यापीठात त्यांना पद मिळाले नाही. तरीही आज जगातील गणितप्रेमी काही संख्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. समुद्रकाठचे हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले आणि मुलाच्या संगोपनाचा भार वडिलांवर आला. वडील कारकुनाची नोकरी करीत. त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाला खोल गणित लागत नाही. मात्र ग्रहांची स्थाने मांडण्यासाठी पुष्कळ आकडेमोड करावी लागते. वडिलांच्या शेजारी बसून ती आकडेमोड पाहता पाहता मुलाच्या मनात अंकांविषयी जिव्हाळा निर्माण झाला. पुढे ज्योतिष मागे पडले, पण अंक सोबत राहिले.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याच्या शाळेत गेले. गणितातील कोडी सोडवणे आणि मोठ्या आकडेमोडीसाठी सोप्या रीती शोधणे हा त्यांचा तेव्हापासूनचा छंद. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिले जात असे. १९२७ मध्ये हे पारितोषिक कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. १९३० मध्ये ते देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, त्यांनी तेथेच अध्यापन केले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. तेथे ना मोठे ग्रंथालय होते, ना संशोधनाविषयी चर्चा करणारी मंडळी. परंतु कापरेकरांनी जो विषय निवडला होता, त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर ते काम करू शकत होते. शाळेचे तास संपले की उरलेला वेळ ते संख्यांना देत. त्यांनी शोधलेल्या संख्यांच्या प्रकारांना त्यांनी दिलेली नावेही त्यांच्या परिसरातून आणि संस्कृतातून आलेली आहेत.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर, डेमलो नावाचे स्थानक होते. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या स्थानकावर सुचलेल्या कल्पनेवरून त्यांनी एका संख्याप्रकाराला 'डेमलो संख्या' असे नाव दिले. या प्रकारातील सर्वांत देखण्या संख्या केवळ १ या अंकापासून तयार होतात. ११ चा वर्ग १२१ येतो. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१ येतो. याप्रमाणे पुढे जात नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. अंक एकेक पायरी चढत ९ पर्यंत जातात आणि तसेच एकेक पायरी उतरून १ वर येतात. हा गुणाकार उभ्या मांडणीने कागदावर करून पाहिला म्हणजे त्याचे कारण डोळ्यांना दिसते. १ या अंकांच्या ओळी एकेक घर सरकत खाली येतात, त्यामुळे मधल्या स्तंभात सर्वांत जास्त एक जमतात आणि दोन्ही कडांना ते कमी होत जातात. डेमलो संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

जिच्या अंकांच्या बेरजेने त्या संख्येला निःशेष भाग जातो, अशा संख्येला त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ, १२ मधील अंकांची बेरीज ३ आहे आणि १२ ला ३ ने पूर्ण भाग जातो. आणखी एका प्रकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ४५ चा वर्ग २०२५ आहे. या वर्गाचे २० आणि २५ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा ४५ येतात. २९७ चा वर्ग ८८२०९. त्यातील ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. त्या मोठ्याही असू शकतात. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ येतो आणि २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १४२८५७ होते.

कापरेकरांना सर्वाधिक प्रसिद्धी मिळवून दिली ती मात्र अवघ्या चार अंकांच्या एका संख्येने. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य लिहून चार अंक पुरे करावेत. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. पुढील उत्तरे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशी येतात. आता ६१७४ वर तीच क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. यापुढे संख्या बदलत नाही. सुरुवात कोठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचावे लागते. १९०५ ला पुरत्या सात पायऱ्या लागल्या. गमतीची गोष्ट अशी की, ६१७४ ही हर्षद संख्याही आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ आहे आणि १८ ने भागल्यास ३४३, म्हणजे ७ चा घन मिळतो.

हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्याविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. कालांतराने ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' असे नाव मिळाले.

परंतु देशातील गणितज्ञांनी या कामाची फारशी दखल घेतली नाही. अनेकांना ते पोरखेळ वाटे. त्यांच्या या मताला काही आधार होता, हेही समजून घेतले पाहिजे. कापरेकर अभ्यासत असलेले बहुतेक गुणधर्म संख्येपेक्षा ती लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात. आपण दहाच्या पटीत मोजतो आणि शून्य ते नऊ या अंकांत संख्या लिहितो, म्हणून ६१७४ चा मुक्काम सापडतो. माणसाच्या हाताला दहाऐवजी आठ बोटे असती आणि त्याने आठाच्या पटीत मोजले असते, तर हा मुक्काम या जागी सापडला नसता. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे मात्र ती कशीही लिहिली तरी बदलत नाही. म्हणून गंभीर गणित दुसऱ्या प्रकारच्या गुणधर्मांचे, असे विद्वान मानीत. कापरेकरांचे काही लेख किरकोळ नियतकालिकांत छापले गेले. पुष्कळ काम त्यांनी पुस्तिकांच्या रूपाने देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केले. या उपेक्षेमुळे त्यांनी आपला विषय सोडला नाही. दहाच्या पद्धतीत लिहिलेली संख्या जगातील कोट्यवधी माणसे रोज वापरतात. मग तिच्या अंकांत एखादा नियम लपला असेल, तर तो शोधण्यात वावगे काय, अशीच त्यांच्या कामाची बैठक दिसते.

त्यांच्या सर्व शोधांत सखोल ठरला तो स्वयंभू संख्यांचा. हा विचारही त्यांनी १९४९ मध्ये मांडला. त्याची सुरुवात एका साध्या क्रियेतून होते. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. ४७ घेतले तर ४ आणि ७ मिळून ११ होतात. ४७ मध्ये ११ मिळवले की ५८ येतात. म्हणजे ४७ ने ५८ ला जन्म दिला. ४७ ही जनक संख्या आणि ५८ ही तिची संतती. पुढे ५८ पासून ७१, ७१ पासून ७९, ७९ पासून ९५ आणि ९५ पासून १०९ अशी वंशावळ चालू राहते. तिला शेवट नाही.

येथपर्यंत हा बेरजेचा खेळ आहे. कापरेकरांनी प्रश्न उलटा केला. प्रत्येक संख्येला संतती आहे हे उघड आहे. पण प्रत्येक संख्येला जनक असतो का? २० ही संख्या घेऊन शोधू. १४ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ५ मिळवली की १९ होतात, १५ मध्ये ६ मिळवले की २१ होतात. १० पासून १९ पर्यंतच्या दहाही संख्या तपासल्या तरी उत्तर २० येत नाही. दहाच्या आतील संख्यांची तर दुप्पटच होते. १० पेक्षा लहान असलेल्या ९ चे जास्तीत जास्त १८ होतात. तेव्हा २० ला जनक नाही. ती कोणापासूनही जन्मलेली नाही. देवळांतील ज्या मूर्ती कोणी घडवल्या नाहीत, आपोआप प्रकट झाल्या असे मानतात, त्यांना आपण स्वयंभू म्हणतो. कापरेकरांनी हाच शब्द अशा संख्यांसाठी योजला. आपल्या गावावरून त्यांना 'देवळाली संख्या' असेही नाव दिले. शंभरच्या आत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यापुढेही त्या अनंत आहेत.

एकही जनक नसलेल्या संख्या सापडल्या, तेव्हा दुसरा प्रश्न आपोआप उभा राहिला. एखाद्या संख्येला एकाहून अधिक जनक असू शकतात का? असू शकतात. असे उदाहरण प्रथम १०१ जवळ मिळते. ९१ मध्ये ९ आणि १ ची बेरीज १० मिळवली की १०१ होतात; १०० मध्ये १ मिळवला तरी १०१ च होतात. म्हणजे १०१ ला दोन जनक आहेत. दोन वाटा येऊन एके ठिकाणी मिळाव्यात, तशी ही संख्या आहे. मग तीन वाटा कोठे मिळतात?

याचे उत्तर कसे शोधावे, हे १०१ च्या उदाहरणातच दडलेले आहे. संख्या वाढत जाताना तिच्या अंकांची बेरीज नेहमीच वाढत नाही. ९९ च्या अंकांची बेरीज १८ असते आणि पुढच्याच १०० ची बेरीज केवळ १ असते. नऊ अंकांची रांग संपून शून्यांची रांग सुरू होते, तेथे बेरीज एकदम कोसळते. त्यामुळे अशा उंबरठ्याच्या अलीकडील संख्या मोठी बेरीज मिळवून लांब उडी घेतात आणि पलीकडील संख्या लहान बेरीज मिळवून आखूड पाऊल टाकतात. दोन्ही बाजूंचे प्रवासी एकाच ठिकाणी पोहोचण्याची शक्यता येथेच असते. नऊ अंकांची रांग जितकी लांब, तितकी अलीकडची उडी लांब.

तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या चौदा अंकी आहे. १ लिहून त्यापुढे बारा शून्ये आणि शेवटी पुन्हा १ लिहिला की ती तयार होते. तिचा पहिला जनक उंबरठ्यावरच आहे : १ वर तेरा शून्ये. त्यात १ मिळवला की ती संख्या येते. दुसरा जनक अकरा नऊ आणि त्यापुढे ०१ असा लिहिला जातो. त्याच्या अंकांची बेरीज १०० होते आणि तो उंबरठ्याच्या ९९ मागे असतो. शंभराची उडी घेतली की तो उंबरठा ओलांडून १ ने पुढे जातो. तिसरा जनक दहा नऊ आणि त्यापुढे ८९२ असा आहे. तो उंबरठ्याच्या १०८ मागे असतो आणि त्याच्या अंकांची बेरीज १०९ भरते. त्याचीही उडी त्याच जागी पडते.

चार जनकांचा प्रश्न याहून कितीतरी अवघड होता. कापरेकरांनी १९६१ मध्ये त्याचे उत्तर शोधून काढले. त्यांची शाळेतील सेवा संपण्यास तेव्हा एकच वर्ष उरले होते. ती संख्या पंचवीस अंकी आहे. वाचण्याच्या सोयीसाठी तीन-तीन अंकांचे गट पाडून ती अशी लिहिता येईल :

१,०००,०००,०००,०००,०००,०००,०००,१०२

भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ग्रंथात दशमान संख्यांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी ती यादी कोटी, अब्ज, खर्व, निखर्व असे करीत परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्ये. कापरेकरांची संख्या परार्धाच्याही पुष्कळ पलीकडची आहे. १ वर चोवीस शून्ये दिल्यावर जो उंबरठा तयार होतो, त्याच्या १०२ पुढे ती उभी आहे. तिचे दोन जनक उंबरठ्याच्या पलीकडे आहेत. एक ९१ पुढे आहे. त्याच्या अंकांची बेरीज ११ आहे. दुसरा १०० पुढे आहे; त्याची बेरीज २ आहे. दोघेही १०२ वर पोहोचतात. उरलेले दोन जनक अलीकडे आहेत. त्यांतील एक उंबरठ्याच्या ९८ मागे आहे. तो एकवीस नऊ आणि त्यापुढे ९०२ असा लिहितात. त्याच्या अंकांची बेरीज २०० आहे. दुसरा १०७ मागे आहे. तो एकवीस नऊ आणि त्यापुढे ८९३ असा लिहितात. त्याची बेरीज २०९ आहे. २०० मधून ९८ आणि २०९ मधून १०७ वजा केले, तर दोन्ही वेळा १०२ च उरतात. चार वाटा एका बिंदूवर मिळतात. याहून लहान संख्येला चार जनक नाहीत.

हे उत्तर एकेक संख्या तपासून मिळणे शक्यच नव्हते. दर सेकंदाला एक संख्या तपासली, तर या संख्येपर्यंत पोहोचायला लागणारा काळ विश्वाच्या वयाच्या वीस लाख पटींहून अधिक भरेल. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येते. गावातील एका शिक्षकाजवळ यंत्र नव्हते आणि असते तरी ते पुरे पडले नसते. येथे उपयोगी पडला तो विचार. वंशावळी कोठे एकत्र येऊ शकतात, नऊ अंकांची रांग किती लांब हवी, दोन्ही बाजूंना दोन-दोन जनक केव्हा बसतात, हे तर्काने ठरवले की शोधाचे मैदान आकुंचित होत जाते. अफाट संख्येपर्यंत पोहोचण्याची वाट अशी बेरीज-वजाबाकीच्या पायऱ्यांनीच बांधता येते. ती पडताळून पाहण्यास शाळेत शिकलेले गणित पुरते.

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने ते गणित आणि विज्ञान या विषयांच्या शिकवण्या घेत. १९६३ मध्ये स्वयंभू संख्यांच्या गणितावरील त्यांची इंग्रजी पुस्तिका देवळालीहून प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. उतारवयात घर एकाकी झाले, पैशाची ओढ होतीच. तरी संख्यांवरील काम थांबले नाही.

या कामाकडे जगाचे लक्ष वळले ते १९७५ मध्ये. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात गणितातील कोड्यांवर आणि गमतींवर सदर लिहीत. ते सदर अनेक देशांतील वाचक आवडीने वाचत. त्या वर्षीच्या मार्च महिन्यातील सदरात गार्डनर यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. तेव्हा कापरेकरांचे वय सत्तर वर्षांचे होते. देवळालीच्या शिक्षकाचे नाव त्यानंतर देशोदेशींच्या गणितप्रेमींना माहीत झाले. ज्या भारतीय विद्वानांनी पूर्वी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते, त्यांतील काहींनी हे काम नव्या दृष्टीने पाहिले.

पोरखेळ म्हणून बाजूला सारलेल्या प्रश्नांत खोल गणित दडले आहे, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. १९७३ मध्ये गुजरात विद्यापीठात सादर झालेल्या एका प्रबंधात स्वयंभू संख्यांचा अभ्यास करण्यात आला होता. सर्व संख्यांमध्ये स्वयंभू संख्यांचे प्रमाण किती, हा प्रश्न १९८२ मध्ये एका इटालियन गणितज्ञाने हाताळला. पुढे कितीही मोठ्या संख्यांपर्यंत गेले तरी स्वयंभू संख्या विरळ होत संपत नाहीत. त्यांचे प्रमाण एका निश्चित मूल्याजवळ स्थिर राहते, असे त्याने सिद्ध केले. ते प्रमाण दहा संख्यांमागे एकाच्या थोडे खाली भरते. मूळ संख्या मात्र पुढे पुढे विरळ होत जातात. देवळालीत सुचलेला प्रश्न आता इतर देशांच्या विद्यापीठांतही अभ्यासाचा विषय झाला होता.

१९८६ मध्ये देवळाली येथेच कापरेकरांचे निधन झाले. हयातीत त्यांना थोडी कीर्ती लाभली, पण ती फार उशिरा आली. संपत्ती तर कधीच आली नाही. आज संगणकाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी सरावासाठी ६१७४ चा कार्यक्रम लिहितात, हर्षद संख्या ओळखणारे कार्यक्रम लिहितात. त्यांतील अनेकांना ही नावे एका मराठी शाळाशिक्षकाने दिली आहेत, याची कल्पना नसते.

कापरेकरांच्या जीवनाकडे पाहताना त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या वृत्तीचे मोल जाणवते. पदवी आणि पद नसल्याने विद्वानांच्या सभेत त्यांचे स्थान दुय्यम राहिले. परंतु संख्येने त्यांना पदवी विचारली नाही. ज्याने तिच्याकडे लक्षपूर्वक पाहिले आणि तर्क शेवटपर्यंत नेला, त्याच्यापुढे तिने आपला नियम उघड केला. ज्ञानाच्या दारात उशिरा आलेल्या, एकट्याने अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला यातून धीर मिळू शकतो. एखाद्या निवांत वेळी वही उघडून कोणीही १०१ चे दोन जनक पडताळून पाहावेत. मग त्याच रीतीने पंचवीस अंकी संख्येचे चारही जनक तपासावेत. लागते ती फक्त बेरीज, आणि ती काळजीपूर्वक केली तर उत्तर दर वेळी तेच येते. कापरेकरांनी १९६१ मध्ये जे पाहिले, तेच आजही कोणाच्याही वहीत दिसू शकते.